मिडवाइफ कानात सांगते, कागदावर लिहीत नाही : गरोदरपण आणि ऑस्टिओपॅथी

शेवंती
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी इंग्लंडात रेडिंगला असते. दुसरी खेप, एकोणतिसावा आठवडा. पहिलं सिझर, त्यामुळे या वेळी मिडवाइफ (शिकलेली सुईण) आणि कन्सल्टंट (हॉस्पिटलातले तज्ज्ञ डॉक्टर) अशी दोन्हीकडे हजेरी. बाळ छान, रिपोर्ट छान, मी तेवढी मोडकळीला आले आहे. पुढे जिथे जांघेची दोन हाडं मिळतात तिथे आणि मागे माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना अशी कळ येते की रात्री कूस बदलायची तर आधी पलंगाची कड धरायची, गुडघे जुळवायचे, देवाचं नाव घ्यायचं आणि मग वळायचं. जिना खेकड्यासारखी आडवी चढते. सलवार पलंगावर बसून घालते, कारण एका पायावर उभं राहायची सोय नाही. गाडीच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली आहे, तिच्यावरून घसरत दोन्ही पाय एकदम बाहेर काढता येतात. (ही युक्ती लिहून ठेवा, फार कामाची आहे.)

मिडवाइफने तपासलं, म्हणाली हे पेल्विक गर्डल पेन, म्हणजे कटीच्या सांध्यांचं दुखणं, पाच गरोदर बायकांत एकीला होतं. फिजिओथेरपीचा फॉर्म भरला, नंबर लागायला पाच-सहा आठवडे जातील म्हणाली. मग पोट मोजायची टेप गुंडाळता गुंडाळता दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या धाकट्याच्या वेळी मी ऑस्टिओपॅथकडे गेले होते. मला बरं वाटलं. पण हे मी तुला सांगितलेलं नाही हं."

(ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारे.) म्हटलं, मग चिठ्ठी दे ना. नाहीतर नाव तरी. तर म्हणे, ते मला नाही करता येत.

कन्सल्टंटना विचारलं. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, पैसे असतील तर जा, अपाय काही नाही. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, मी आजवर कुणाला पाठवलेलं नाही. एकाच पोटाकडे बघणारी तीन माणसं आणि तिघांची तीन तोंडं. सासूबाईंचा सांगलीहून फोन : "एवढं काय त्यात, तिकडे मालिशवाली मिळत नाही का?"

ऑस्टिओपॅथीने बरं वाटतं का, एवढंच मला विचारायचं नाही. चांगली असेल तर ही माणसं उघड का पाठवत नाहीत, आणि वाईट असेल तर उघड नको का म्हणत नाहीत? एका भेटीचे पंचावन्न पौंड आहेत, म्हणून जीव अडकला आहे.

खवचट
मालिशच, पण भिंतीवर सर्टिफिकेट टांगून. पंचावन्नातले पंचवीस पौंड फ्रेमचे.
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

एडिसनवाला
आम्ही अमेरिकेत. यात कुजबुजण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. आमच्या दोन्ही मुली ज्यांच्या हातून झाल्या त्या डॉक्टरच डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनवाल्या. दुसरीच्या वेळी रात्री अडीचला सिझर त्यांनीच केलं. पाठ दाबायला त्या कधी आल्या नाहीत ब्वा.

निवडुंग
एडिसनवाले, इथेच सगळ्यांची गल्लत होते, म्हणून आधी कूळ सांगतो. मी इंग्लंडात जीपी आहे. (शेवंतीताईंचा जीपी मी नव्हे, रेडिंगपासून लांब आहे.)

अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८७४ साली हा विचार मांडला आणि १८९२ मध्ये मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावी पहिली शाळा काढली. त्या झाडाची अमेरिकेतली फांदी हळूहळू मुख्य वैद्यकाला जाऊन मिळाली. आज तिथला डीओ आणि एमडी (तिथला नेहमीचा डॉक्टर) यांचे अधिकार सारखेच. औषध लिहितो, ऑपरेशन करतो, बाळंतपण करतो, आणि बरेचसे डीओ हाताने करायचे उपचार विसरूनही गेलेले असतात. दुसरी फांदी लंडनला आली. स्टिल यांचेच विद्यार्थी लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये तिथे शाळा काढली. इथला ऑस्टिओपॅथ डॉक्टर नव्हे. हाताने सांधे-स्नायूंवर काम करतो, औषध देत नाही, बाळंतपणाशी संबंध नाही. पण रस्त्यावरचा माणूसही नव्हे. १९९३ साली त्यांच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. जनरल ऑस्टिओपॅथिक काउन्सिलच्या रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं इथे गुन्हा आहे. २०१७ पासून इंग्लंडात फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांच्या पंगतीत त्यांचंही पान मांडलं आहे.

तेव्हा कायद्याचं कुंपण आडवं येत नाही. कायद्याने नोंदणी झालेल्या व्यावसायिकाकडे रुग्ण पाठवायला आम्हा डॉक्टरांना मुभा आहे. मग मी का पाठवत नाही?

पहिलं उत्तर सरळ आहे. नाइस, म्हणजे उपचारांच्या शिफारशी ठरवणारी इथली सरकारी संस्था, तिची गरोदरपणाबद्दलची मार्गदर्शिका २०२१ साली नव्याने आली. या दुखण्यासाठी फिजिओथेरपीकडे पाठवण्याचा विचार करा, व्यायाम शिकवा, कंबरेला लवचिक पट्टा द्या, असं तिच्यात आहे. ऑस्टिओपॅथकडे पाठवा असं नाही. माझ्या भागात एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) त्याचे पैसेही देत नाही. आणि खाजगीत जायचं तर रुग्णाला माझी चिठ्ठी लागतच नाही, फोन करून थेट वेळ घेता येते.

दुसरं उत्तर जरा लाजत देतो. वैद्यकीय शिक्षणात मला यातलं एक अक्षर कुणी शिकवलं नाही. पडद्याआड ते काय करतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

तिसरं माझ्या मते खरं कारण. फिजिओकडे पाठवलं की महिन्या-दोन महिन्यांनी पत्र येतं : काय सापडलं, काय केलं, पुढे काय. ऑस्टिओपॅथकडे गेलेली बाई मला तिच्याच तोंडून कळते, तेही दुसऱ्याच कामाला आली असताना. जिथून उत्तर येत नाही तिथे माणूस पाठवणं म्हणजे आडात दगड टाकणं. उद्या काही झालं तर दगड कुणी टाकला, हे मात्र सगळे मलाच विचारणार.

खवचट
डॉक्टर, पत्र आलं असतं तर पाठवलं असतंत?

निवडुंग
खरं सांगू? बहुतेक हो.

सुईणदोरा
उशिरा आले. पुण्यात बीएस्सी नर्सिंग केलं, मग इकडे इंग्लंडात येऊन मिडवाइफ झाले, अकरा वर्षं होतील. शेवंती, तुझ्या मिडवाइफची बाजू मांडू दे.

आमच्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलं आहे की सल्ला पुराव्याला धरून हवा, आणि त्यात कुठल्याही सेवेबद्दल किंवा वस्तूबद्दल दिलेली माहितीही आली. म्हणजे "मला बरं वाटलं" हे मैत्रीण म्हणून बोलता येतं, गणवेशात नाही. मग बाई काय करते? गणवेशातच, पण मैत्रिणीच्या आवाजात बोलते. तू कुजबूज ऐकलीस ना, ती हीच. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. उलट हा सगळ्यात वाईट मार्ग. नाव दिलं नाही म्हणजे ती बाई कुठल्याही दारात जाणार, आणि लिहून ठेवलं नाही म्हणजे पुढच्या पाळीच्या मिडवाइफला पत्ताच नाही.

आमच्या युनिटमध्ये बारा जणींची बारा मतं आहेत. जिला स्वतःच्या बाळंतपणात हे दुखणं झालं ती मवाळ. जिने एखादी बाई तिथून आणखी दुखत आलेली पाहिली ती कडक. बाकीच्यांना त्या वाटेला जायचंच नाही. एकीला तर ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर एकच वाटतात, मानेचा कट्ट आवाज काढणारे. गंमत म्हणजे पुरावा कुणीच वाचलेला नसतो, मवाळने नाही आणि कडकनेही नाही. मीही नव्हता.

दोन वर्षांमागे जवळच राहणारी एक ऑस्टिओपॅथ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे आली. बिस्किटांचा डबा घेऊन. आमच्यातलीच एक सहा महिन्यांची गरोदर होती, तिला कुशीवर झोपवून, गुडघ्यांत उशी देऊन तिने काय करते ते दाखवलं. कट्ट नाही, फट्ट नाही. नितंबाचे स्नायू दाबून सैल करणं, पाय हळू फिरवणं, बरगड्यांजवळ हात ठेवून श्वास घ्यायला लावणं. मी मनात म्हटलं, आमची अंबाजोगाईची मावशी याहून जोरात दाबायची. मग तिने सांगितलं की काय दिसलं तर ती हात न लावता बाईला सरळ आमच्याकडे पाठवते : रक्त जाणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, लघवीवरचा ताबा जाणं, डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं. ती यादी ऐकल्यावर खोलीतली हवा बदलली. तिच्या हातापेक्षा हात कधी आवरायचा हे तिला कळतं, यावर आमचा विश्वास बसला.

तेव्हापासून मी नाव सुचवत नाहीच, ते अजूनही करता येत नाही. पण कुणी विचारलं की मोठ्याने सांगते : रजिस्टरवर नाव बघ, गरोदर बायकांचा अनुभव किती ते विचार, आणि गेलीस की मला सांग, मी लिहून ठेवते. दाराकडे बघत नाही.

पाठकणा
फिजिओथेरपिस्ट, पुणे. सगळे पुराव्याबद्दल बोलताहेत आणि पुरावा कुणी आणत नाहीये, म्हणून दोन गोष्टी आणते.

एक. गरोदरपणातल्या कंबर आणि कटीच्या दुखण्यावर कोक्रेनचा (जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा २०१५ साली आला. ३४ चाचण्या, ५,१२१ बायका. व्यायामाने कंबरदुखी कमी होते असं दिसलं, पण त्या पुराव्याची प्रत कमी. ऑस्टिओपॅथीच्या हाताच्या उपचारांनी कंबरदुखी आणि हालचालीतली अडचण कमी झाल्याचं एकेकट्या अभ्यासांतून दिसलं, प्रत मध्यम. म्हणजे आम्ही फिजिओवाले फार ताठ मानेने बोलावं अशी स्थिती नाही.

दोन. टेक्सासमध्ये ४०० बायकांवर चाचणी झाली, तीही २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसाव्या आठवड्यापासून नऊ आठवड्यांत सात भेटी. तीन गट : नेहमीची तपासणी अधिक ऑस्टिओपॅथी, नेहमीची तपासणी अधिक लुटुपुटुचं अल्ट्रासाउंड (बंद मशीन नुसतं अंगावर फिरवायचं), आणि नुसती नेहमीची तपासणी. ऑस्टिओपॅथीवाल्या बायका नुसत्या तपासणीवाल्यांपेक्षा बऱ्या राहिल्या. दुखणं वाढायचं ते फारसं वाढलं नाही. पण लुटुपुटुच्या अल्ट्रासाउंडवाल्या आणि त्या, यांच्यात मोजण्यासारखा फरक सापडला नाही.

खवचट
म्हणजे बंद मशीन फिरवलं तरी तेवढंच बरं वाटतं! पंचावन्न पौंडांची टॉर्च.

पाठकणा
हसा. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की आठव्या-नवव्या महिन्यात सात वेळा कुणीतरी काही वेळ त्या बाईकडे लक्ष दिलं, झोपवलं, विचारपूस केली, तर ती नुसत्या "होतंच असं" ऐकणाऱ्या बाईपेक्षा बरी राहिली. ती काळजी फुकटची नसते. आमच्या व्यायामातही तिचा वाटा असणारच, आम्ही तो बिलात दाखवत नाही एवढंच.

"कटी सरकली होती, ती बसवली" असं मात्र कुणी म्हणालं तर सावध राहा, मग तो फिजिओ असो, ऑस्टिओपॅथ असो की गावचा हाडवैद्य. कटीचा सांधा असा सरकत आणि बसत नाही. गरोदर बाईला "तुझं हाड जागेवर नाही" सांगितलं की ती हलायलाच घाबरते, आणि न हलल्याने दुखणं वाढतं.

गारोनकाठ
फ्रान्समधल्या तूलूझहून. तुमच्याकडे कुजबूज आहे, आमच्याकडे दवंडी आहे! इथे 'ऑस्तेओ' म्हणजे शेजारीण, बेकरीवाली, पाळणाघरवाली सगळ्या सांगतात. माझी मुलगी तीन दिवसांची असताना वॉर्डातल्याच एका मिडवाइफने विचारलं, बाळाला ऑस्तेओकडे नेणार ना? जणू बारशाचीच तयारी. काही मिडवाइफनी तर स्वतःच ऑस्टिओपॅथीची पदविका घेतलेली असते.

आणि याच देशात कायदा काय म्हणतो? ऑस्टिओपॅथ ही पदवी २००२ च्या कायद्याने मान्य झाली. २००७ च्या आदेशात लिहिलं, योनीमार्गे तपासणी आणि प्रसूतीसंबंधी हाताळणी त्याने करायची नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाचं डोकं, चेहरा, कणा हाताळायचा तर काही धोका नसल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. मी दाखला मागायला गेले तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी असं तोंड केलं की कारल्याचा रस प्यायले असावेत. दिला नाही. गेलेही नाही. बाळ रडायचं ते चौथ्या महिन्यात आपोआप थांबलं. शेजारणीचं बाळ ऑस्तेओकडे जाऊन चौथ्या महिन्यात थांबलं.

सरकारी विमा यातला एक सेंटही देत नाही, पण खाजगी पूरक विमे वर्षाला ठरावीक भेटींचे पैसे देतात, म्हणून लोक जातात. शेवंती, तुमची मिडवाइफ आणि आमची मिडवाइफ, काम जवळपास तेच. आवाज मात्र भोवताली काय चालतं त्याप्रमाणे लहान-मोठा होतो, असं मला वाटतं.

माईआत्या
निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज. चौतीस वर्षं बाळंतपणं केली. ऑस्टिओपॅथ मी आयुष्यात एकही पाहिला नाही. पण हा धागा वाचून मनात म्हटलं, अग बाई, हे तर आमचंच चाललंय.

पोरींनो, आमच्याकडे ऑस्टिओपॅथच्या जागी मालिशवाली. बाळंतीण घरी निघाली की मी विचारायचे, "बाई लावली का?" एकदाही केसपेपरवर लिहिलं नाही. लावू नका म्हणाले नाही, अमकीला लावा असंही म्हणाले नाही. बारा वर्षं एकच मालिशवाली माझ्या निम्म्या पेशंटकडे जायची. मला तिचं नाव ठाऊक, तिला माझं. समोरासमोर आम्ही पहिल्यांदा बोललो तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. त्याचं कारण सांगते.

आठवा सरत आलेली एक पहिलटकरीण. पाठ दुखते म्हणून घरच्यांनी तिलाच बोलावलं. दोन दिवस तेल लावून पाठ चोळली. तिसऱ्या दिवशी मुलगी हुडहुडी भरून, तापाने फणफणत माझ्याकडे आली. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालेला आणि त्यापायी कळा सुरू झालेल्या. आई-बाळ वाचले, पण बाळ महिनाभर आधी आलं. मालिशवालीने चुकीचं दाबलं नव्हतं. पाठदुखी दर वेळी पाठीचीच असते असं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? मीच ना. मी तर तिच्याशी बोलतच नव्हते.

तिला बोलावून चहा दिला आणि सांगितलं : ताप असेल, लघवीला जळजळ असेल, अंगावरून पाणी किंवा लाल जात असेल, पोट दगडासारखं घट्ट होत असेल, दुखणं दर काही मिनिटांनी येऊन जात असेल, बाळ कमी हलत असेल, तर तेलाची वाटी खाली ठेव आणि मला फोन कर. पुढच्या चार वर्षांत तिचे सात फोन आले. त्यातले दोन रात्रीचे. दोन्ही रात्री ती बरोबर होती.

हो, आणि त्या फ्रान्सवाल्या पोरीने बाळाच्या डोक्याचं लिहिलंय. आमच्याकडेही डोकं गोल करायचं, नाक ओढायचं, बेंबीत तेल सोडायचं हे चालतंच. डोकं आपोआप गोल होतं ग. श्रेय मात्र मालिशवालीला जातं.

सुईणदोरा
माईआत्या, सात फोन. _/\_

आमच्या त्या बिस्किटवाल्या बाईने आणि तुम्ही केलं ते एकच. फक्त कोण कुणाकडे चालत गेलं, तेवढाच फरक.

मेलबर्नी
इथे ऑस्ट्रेलियात मधला रस्ता आहे. ऑस्टिओपॅथ २०१० पासून देशभराच्या नोंदणीत आहेत. जीपीने जुनाट आजाराची योजना करून दिली तर वर्षाला पाच भेटींचे काही पैसे मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) देतं, त्यात फिजिओबरोबर ऑस्टिओपॅथही चालतो. पण मिडवाइफच्या चिठ्ठीवर नाही, आणि आजार सहा महिन्यांचा हवा. म्हटलं, डॉक्टर, हे दुखणं नवव्या महिन्यात आपण होऊन बाहेर येणार आहे. ते म्हणाले, म्हणूनच तर योजनेत बसत नाही. स्वतःच्या पैशांनी गेले. तीनदा. ठीकठाक.

खवचट
निवडुंग, माईआत्या, एक सरळ प्रश्न, टवाळी बाजूला ठेवून. उद्या तुमच्या मुलीला हे दुखणं झालं तर?

निवडुंग
आधी फिजिओ आणि पट्टा. तारीख लांबची असेल आणि ती रडकुंडीला आली असेल तर रजिस्टरवरचा, गरोदर बायका नेहमी बघणारा ऑस्टिओपॅथ. दोन भेटीत फरक नाही पडला तर बंद. क्रेनियल, म्हणजे डोक्याला नुसते हात टेकवून शरीरातल्या लहरी ओळखणारा प्रकार असेल तर पैसे मी देणार नाही.

माईआत्या
मी मुलीला आधी लघवी तपासून घ्यायला सांगेन.

शेवंती
मंडळी, धागा काढून पाच आठवडे झाले, मधे गायब होते. वृत्तांत देते.

गेले एकदाची. रजिस्टरवर नाव बघून, पन्नाशीच्या एक बाई. पहिली वीस-पंचवीस मिनिटं हातच लावला नाही, नुसते प्रश्न. सिझर का झालं होतं, वार कुठे आहे, रक्तदाब किती, पोटरी दुखते का, लघवीला जळजळ. (माईआत्या, जळजळ विचारली तेव्हा मला हसू आलं, त्यांना कळेना का हसतेय.) मग एका पायावर उभं करून पाहिलं. मी भिंत धरली. मग कुशीवर झोपवून सुईणदोराताईंनी लिहिलंय अगदी तसंच. हाड सरकलंय वगैरे एक शब्द नाही. जाताना म्हणाल्या, दोनदा या, उपयोग नाही झाला तर तिसऱ्यांदा येऊ नका. आणि विचारलं, तुझ्या मिडवाइफला पत्र पाठवलं तर चालेल का?

पत्र गेलं. कुठे गेलं? जीपीच्या दवाखान्यात. तिथे स्कॅन होऊन माझ्या नावाखाली जमा झालं. मिडवाइफच्या नोंदी वेगळ्या संगणकात, दोघांची एकमेकांशी ओळख नाही. म्हणजे डॉक्टरसाहेब, उत्तर येत नाही म्हणता ना, कधी कधी येतं आणि आडातच पडून राहतं.

निवडुंग
हे वाचून आज दवाखान्यात शोधलं. गेल्या वर्षभरात ऑस्टिओपॅथांकडून आलेली नऊ पत्रं सापडली. नऊही 'वाचले' म्हणून खूण करून बंद केलेली. पाच खुणा माझ्याच.

शेवंती
:) पुढचं ऐका. बाईंकडून पत्राची प्रत मागून घेतली आणि चौतिसाव्या आठवड्याला मिडवाइफपुढे ठेवली. एका पानाचं पत्र. तिने उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. "यात तिने लिहिलंय की पोटरी तपासली." म्हटलं हो. "आणि काय झालं तर आमच्याकडे पाठवेन तेही लिहिलंय." म्हटलं हो. मग माझ्या नोंदीत टाइप केलं, मला स्क्रीन दाखवून : स्वतःच्या इच्छेने नोंदणीकृत ऑस्टिओपॅथकडे दोन भेटी, पत्र पाहिले. आणि हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर नाव आणि फोन नंबर उतरवून घेतला. झाकण गणवेशाच्या खिशात.

दुखणं? कूस आता देवाचं नाव न घेता बदलते. पण मधल्या काळात फिजिओचा नंबरही लागला, पट्टा आणि व्यायामाचा कागद मिळाला, आणि नवऱ्याने पलंग चार इंच उंच केला. कशाने बरं वाटलं ते सांगता येणार नाही. दोन भेटींनंतर तिसरी घेतली नाही.

खवचट
नवऱ्याला पंचावन्न पौंड द्या.

पाठकणा
पट्टा कुठे बांधताय? पोटाच्या फुगवट्यावर की खाली?

शेवंती
पोटाला आधार म्हणून वरून घेत होते, बेंबीच्या जरा खाली. चुकलं का?

पाठकणा
चुकलं. तो पोट उचलायला नाही. पार खाली, पोटाच्या खालून, मागे माकडहाडावरून आणि बाजूला मांडीचं हाड जिथे बाहेर लागतं तिथून. उभ्याने बांधा, बोट जाईल इतपत सैल. झोपताना काढा.

शेवंती
आत्ता तसा बांधून जिना सरळ चढून आले. दहा पायऱ्या. वर येऊन हे लिहिते आहे.